मला निरोगी म्हणून घेतलंय

३ नोव्हेंबर, सोमवार
गोळ्यांची पट्टी आज परत ताटाशेजारी. मी परत फ्रिजवर टाकली. प्रशांत काही बोलला नाही, नुसता बघून ऑफिसला गेला. बोलला असता तर बरं होतं, पोटच्या पोराशी भांडता तरी आलं असतं.
रोज एक, जेवल्यावर. मन हलकं होतं म्हणे. डॉक्टरनं मला किती बघितलं? मी चप्पल काढून बसेस्तोवर त्याचं लिहून पण झालं. सगळं प्र.नंच सांगितलं. बाबा गेल्यापासून आई अशी, आई तशी. मी शेजारीच बसलेली, नापास झालेल्या पोरीसारखी.
हे जाऊन दीड वर्ष झालं. नवरा गेलाय माझा, मग काय लेझीम खेळू?
म्हणलं प्र.ला, हे दुःख आहे, आजार न्हाय. तर म्हणतो, "आई, तुला कसं कळणार?"
 त्याचा राग जास्त आलाय.

६ नोव्हेंबर, गुरुवार
संध्याकाळी बागेत ज्येष्ठ नागरिकांच्या बाकावर एक पोरगी आलेली. गार्गी नाव. सदाशिव पेठेत एका दवाखान्यात पीएच.डी.चं काम करते. तिला म्हातारी माणसं पाहिजेत, पण निरोगी.
म्हणलं, "निरोगी म्हातारी म्हणजे कशी गं? दात पडलेत पण चावते, अशी?"
पोरगी खळखळून हसली. हसणारं माणूस दिसलं की मी थांबते. पुढचं ऐकून घेतलं.
डोक्यात एक रस असतो, सेरोटोनिन. झोप, भूक, मन, सगळ्यात त्याचा हात. वय झालं की तो पहिल्यासारखा काम करतो का, हे तिला बघायचंय. जित्या माणसाचं डोकं उघडता येत नाही. म्हणून एक गोळी देऊन त्या रसाला डिवचायचं, आणि रक्तात दुसरे दोन रस किती चढतात ते मोजायचं.
म्हणलं, म्हणजे म्हशीच्या कासेला हात लावायचा आणि पान्हवते का बघायचं.
गार्गी डोळे मोठे करून म्हणली, "आजी, त्यातलं एक दुधाचंच हार्मोन आहे!"
या वयात माझं दूध मोजणार. बाकावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.
पण मी हसता हसता थांबले. मनाचं रक्तात दिसतं तर. मग प्र.च्या तोंडावर कागद मारता येईल की.
रात्री जेवताना पैज लावली त्याच्याशी. रिपोर्ट चांगला आला तर पट्टी कचऱ्यात, परत विषय नाही. वाईट आला तर मुकाट गिळीन. प्र. म्हणला, चालेल. सूनबाई साक्षीला. मनाली म्हणते, "आई, लिहून द्या."
म्हणलं, "लग्नाच्या वेळी तुझ्याकडून पोळ्या लिहून घ्यायच्या राहिल्या, त्या आधी दे."

१२ नोव्हेंबर, बुधवार
विश्रांतवाडीहून बस, पुढं चालत सदाशिव पेठ. दवाखान्याचा जिना इतका उभा की वर पोचेल तो आपसूक निरोगी ठरावा.
बीपी बघितलं, साखर बघितली. मग गार्गीचे प्रश्न.
"आजी, गेल्या काही दिवसांत उदास वाटलं?"
"उदास व्हायला सवड लागते. घरात सून नोकरीला जाते."
"रडू येतं?"
"येतं की. कांद्याचा भाव ऐकून."
"एकटं वाटतं?"
"दोन खोल्यांत तीन माणसं आणि सुनेचा मोबाईल. एकटं वाटू दे म्हणून नवस बोलायचा राहिलाय."
हसून हसून तिनं पेन खाली ठेवलं. मग उचललं आणि सगळीकडं 'नाही' वर खूण.
सिगारेट ओढता? तंबाखू खाता? म्हणलं, "मी काय कंडक्टर आहे? घरात कंडक्टर होता तो गेला." परत हसली. नाही.
मनावरची कुठली गोळी चालू आहे? नाही. खरं तेच सांगितलं. फ्रिजवर पडलेली गोळी चालू कशी म्हणणार?
शेवटी कागद वाचून दाखवला. दोन दिवस यायचं, एकदा खरी गोळी, एकदा खोटी. कुठली कधी ते तिलाही माहीत नसतं. कधीही सोडून जाता येईल. आणि कुणालाही त्याचा स्वतःचा रिपोर्ट मिळणार नाही.
हे शेवटचं तिनं दोनदा वाचलं. मी दोन्ही वेळा मान हलवली. मनात म्हणलं, पोरगी हसरी आहे, गोड बोलून काढून घेऊ.
घरी येऊन सांगितलं, निरोगी म्हणून घेतलंय मला. प्र. म्हणला, "ते तुझ्या तोंडाकडं बघून घेतलं. रक्ताचं काय येतंय ते बघू."

२० नोव्हेंबर, गुरुवार
दमले. थोडक्यात लिहिते.
काल रात्रीपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. चहा सुद्धा नाही. पहाटे अंघोळ, मशेरी, देवाला हात जोडले, बस.
हातात सुई घालून ठेवली, तिच्यातूनच परत परत रक्त काढायचं. गोळी द्यायच्या आधी नुसतं पडून राहायचं. शेजारच्या कॉटवर आपटे म्हणून एक. रिटायर झालेले गणिताचे मास्तर, दोन गल्ल्या पलीकडं एकटेच राहतात.
"बाई, आपण तो पडदा ओढाल का? मला सुई टोचलेली बघवत नाही."
"मला टोचलेली का तुम्हाला?"
"कुणालाही. माझा भेदभाव नसतो."
म्हणलं, "मास्तर, तुमचं पण दूध मोजणार आहेत, माहितीये का?"
पलीकडं कॉट करकरली. मग, "पेपर तपासण्यात जन्म गेला. आता माझं काय तपासायचं ते तपासू द्या त्यांना."
मला हसू आवरंना. गार्गी धावत आली. "आजी, प्लीज! काका, तुम्हीसुद्धा! हसलात, चिडलात, की ते दुसरं हार्मोन, कॉर्टिसॉल, वर जातं. मग गोळीमुळं किती चढलं ते कसं कळणार?"
"मग मेल्यासारखं पडू का?"
"हो. पण झोपायचं नाही."
अशी शिक्षा मला शाळेतल्या गुरुजींनी पण कधी दिली नाही. भिंतीकडं बघत पडले. गप्प पडलं की नको ते आठवतं. ते तिच्या नळीत उतरत असेल का, कोण जाणे.
गोळी घेतली. पुढं मळमळ सुटली, जांभया. आपटे पडद्याआडून, "तुमची खरी दिसते."
"कशावरून?"
"कधीपासून गप्प आहात."
सगळं संपल्यावर बिस्किटं आणि चहा. आपट्यांनी माझं एक बिस्किट उचललं आणि सॉरी म्हणले. पुण्यात सॉरी ऐकायला मिळालं, दिवस वाया नाही गेला.

२२ नोव्हेंबर, शनिवार
बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत घेऊन गार्गीकडं. होस्टेलचं खाऊन पोरीचे गाल आत गेलेत. बोटं चाटत खाल्लं. मग हळूच विचारलं, "माझं काय आलं गं?"
"आजी, मलाही माहीत नाही. नळ्या गोठवून ठेवल्यात. सगळ्यांचं झालं की एकदम तपासायच्या."
"सगळ्यांचं कधी होणार?"
"माणसं मिळतील तसं."
"अंदाजे?"
"उन्हाळा तरी."
दिलेली चटणी परत मागायचं ओठावर आलेलं, गिळलं.
प्र.ला सांगितलं, वेळ लागतोय. तो म्हणला, "तोपर्यंत गोळी सुरू कर, मग बघू." म्हणजे पैज हरल्यावर पैज खेळायची. हुशार आहे, बापावर गेलाय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
आज जे झालं ते लिहायला पण लाज वाटते. आणि हसू पण येतं. आणि राग तर इतका आलाय.
सकाळी उशीर झाला. मशेरी दाताला लावली आणि तशीच निघाले, म्हणलं तिथं जाऊन चूळ भरू. मशेरी लावल्याशिवाय माझं पोट साफ होत नाही, डोकं धरतं. लग्नाआधीपासूनचं आहे. प्र.ला वाटतं मी कधीच सोडली. डबी तांदळाच्या डब्यात असते.
दवाखान्याच्या बेसिनमध्ये थुंकले आणि मागून किंकाळी.
"आजी! रक्त!"
काळपट लाल दिसत असेल तिला. नर्सला हाक मारली, खुर्ची आणली, मला धरून बसवायला लागली.
म्हणलं, "अगं रक्त कुठलं, मशेरी आहे."
"मशेरी म्हणजे?"
नागपूरकडच्या बंगल्यात वाढलेली पोर, इंग्लिश शाळेतली. तिला काय माहीत. म्हणलं, "दात घासायची. तव्यावर भाजायचं, काळं झालं की कुटायचं."
"काय भाजायचं?"
आणि मी सांगताना मलाच कळलं. तंबाखू.
पलीकडं आपटे कॉटवर उठून बसलेले. नर्स तोंड फिरवून हसतेय. गार्गी मात्र हसली नाही. पहिल्यांदाच.
"आजी, मी विचारलं होतं ना, तंबाखू?"
"तू खाता का विचारलंस. मी खात नाय. दात घासते."
हे मी वाद घालायला नाही म्हणलं. देवाशपथ. तंबाखू खाणारी म्हणजे माझ्या डोळ्यासमोर ह्यांचे लाल दात येतात, स्वारगेटच्या स्टँडवर पिचकारी मारणारे. बायका मशेरी लावतात. ती तंबाखू आहे हे माहीत असून माहीत नव्हतं.
तंबाखूनं पण ते रस चढतात म्हणे. म्हणजे मागच्या वेळचं माझं सगळं रक्त फुकट. तेवढा वेळ भिंतीकडं बघून पडले ते फुकट. गार्गी डोक्याला हात लावून बसली. मला म्हणाली, "तुमची चूक नाही, मी नीट विचारायला पाहिजे होतं." असं बोललं की माणसाला जास्त लागतं.
तिच्या सरांनी फोनवर सांगितलं, सोडायची तयारी असेल तर काही आठवडे पूर्ण बंद, मग पहिल्यापासून. नसेल तर राहू दे.
म्हणलं, सोडते.
आपटे म्हणले, "बाई, विचार करा. मला सुपारी सोडताना संस्कृत आठवायला लागलं होतं."

३० नोव्हेंबर, रविवार
डबी कचऱ्यात. डोकं फुटतंय. पोट साफ नाही. मनालीनं आमटीत मीठ जास्त टाकलं म्हणून तिला नको ते बोलले. मग बाथरूमचं दार लावून बसले.

४ डिसेंबर, गुरुवार
झोप नाही. टीव्हीवर साबणाची जाहिरात, त्यात पोरगी भिजून घरी येते आणि आई टॉवेल देते. मला रडू आलं. साबणाला!
प्र.नं बघितलं. पट्टी परत ताटाशेजारी.
आता काय सांगू याला? रडतेय ते मनामुळं नाही, मशेरीमुळं. आणि मशेरीचं सांगावं तर, सोडली होतीस ना, खोटं का बोललीस, हे सुरू. निरोगी आहे हे दाखवायला निघाले आणि आजाऱ्यासारखी वागायला लागले. असा विनोद मी दुसऱ्या कुणाचा ऐकला असता तर पोट धरून हसले असते.

९ डिसेंबर, मंगळवार
आज मनालीला सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती. मशेरीचं म्हणलं तर मेथीची जुडी हातात धरून हसत सुटली.
"आई, तांदळाच्या डब्यात ना? मी आल्यापासून बघतेय. मला वाटायचं किडे होऊ नयेत म्हणून ठेवता!"
"खोटारडे, माहीत होतं तुला."
"हो. म्हणून तर तो तांदूळ मी तीनदा धुते."
दोघी हसलो. मग म्हणलं, बघ, म्हणून रडतेय मी. प्र.ला सांग तूच. माझं मन ठणठणीत आहे.
ती परत मेथी निवडायला लागली. खाली बघूनच म्हणली, "आई, हे रडणं मशेरीचं असेल. त्याच्या आधीचं?"
"आधी कुठं रडत होते?"
"रडत नव्हता. तेच. तुम्ही माझ्या आईची नक्कल करायचात. फोनवर बोलायची पद्धत, तो हुंदका. मला माझ्याच आईवर हसू येऊन रडू यायचं. बाबा गेल्यापासून एकदा तरी केलीत?"
म्हणलं, "तिला राग येत असेल म्हणून."
"बाहेरच्यांना हसवता. बागेत, बसमध्ये. घरात आलात की चप्पल काढता तसं ते पण बाहेर काढून ठेवता."
 उठून कुकर लावला. डाळ घालायची विसरले.

१४ डिसेंबर, रविवार
प्र.ला मनालीनं सांगितलं. ओरडला नाही. "अजून काय काय लपवलंयस?" एवढंच.
मनालीचं बोलणं डोक्यातून जाईना. खरं आहे का ते? माझं मलाच तपासता येत नाही. म्हणून तर रक्त दिलं.
आता गार्गीचा आकडाच पाहिजे. चांगला येऊ दे नाहीतर वाईट. कुणीतरी एकदा लिहून द्या.

२९ डिसेंबर, सोमवार
परत पहिल्यापासून. थंडीत पहाटेची बस. यावेळी तोंडात काही नाही, गार्गीनं टॉर्च लावून बघितलं. म्हणलं, "म्हैस बाजारात दात बघून घेतात तशी बघतेस."
गोळी घेतली, काही झालं नाही. भूक लागली फक्त. खोटी असणार.
आपट्यांचं मागेच संपलं. तरी बाहेर बाकावर पेपर वाचत बसलेले. गार्गी म्हणली, "काका, तुमचं झालं ना?"
"झालं. माझी कॉट कुणाला दिलीत, ते बघायला आलो."
कुणालाच दिली नव्हती. माझं संपेपर्यंत बसले. जाताना जिन्यावर म्हणले, "घरी गेलं की एकदम शांत असतं हो." मी नेहमीसारखं काहीतरी टोचून बोलणार होते. सुचलं होतं पण. बोलले नाही.

८ जानेवारी, गुरुवार
आजची खरी होती. नक्की. मळमळ, जांभया, हाताला घाम. गार्गी बादली घेऊन शेजारी.
संपल्यावर बरं वाटलं. पिशवीतून पट्टी काढली. म्हणलं होतं, कशाची आहे, वाईट असते का, एकदा हिला विचारावं.
गार्गीनं पट्टी उलटी केली, नाव वाचलं. परत वाचलं.
"आजी, ही कुणाची?"
"सुनेची," तोंडातून गेलं.
"त्या घेतात?"
"का गं? वाईट असते?"
"वाईट नाही. आपण टेस्टमध्ये देतो ती याच जातीची. मी पहिल्या दिवशी कागद वाचताना सांगितलं होतं, उदासीवर देतात ती."
सांगितलं असेल. मी तेव्हा मान हलवत होते, आणि हिच्याकडून रिपोर्ट कसा काढायचा ते ठरवत होते.
म्हणजे बघा. पोटचा पोर रोज ताटाशेजारी ठेवतो, तिला हात लावला नाही. त्याच्यावर राग धरला, पैज लावली, मशेरी सोडली, पहाटेच्या बसा पकडल्या. आणि शेवटी काय केलं? सदाशिव पेठेत येऊन तीच गोळी गिळली. वर बिस्किट खाल्लं.
हसायला लागले ते थांबेना. गार्गी पण हसायला लागली, तिला वाटलं मळमळ थांबल्याचा आनंद. मग मला परत उलटी आली.

११ जानेवारी, रविवार
दोनदा ती गोळी पोटात जाऊन काही बदललं नाही. मी तीच, फ्रिज तोच.
मग एवढी का नको होती मला? गोळीची भीती नव्हती. मन हलकं झालं तर ह्यांचं काय उरतं माझ्याकडं? फोटो आहे. आणि हे जड आहे ते. फोटो तर प्र.कडं पण आहे.
हे कुणाला बोलायचं नाही. इथं लिहिलं, बास.

१३ जानेवारी, मंगळवार
गार्गीला फोन करून मी होऊनच गेले. सांगितलं, पट्टी माझी. डॉक्टरनं दिलेली. एकही घेतलेली नाही, पण दिलेली आहे.
तिनं लॅपटॉप बंद केला.
"आजी, मग तुम्ही या अभ्यासात बसत नाही कदाचित. मला सरांना सांगावं लागेल. दोन्ही दिवसांचं रक्त काढून टाकावं लागेल."
"परत?"
"परत."
पोरीचे डोळे भरले. माणसं मिळत नाहीत तिला, तिचं वर्ष पुढं जातंय. मी म्हणलं, "मला शिव्या दे."
"तुम्हाला काय देऊ? मलाच द्यायला हव्यात. मी विचारत होते उदास वाटतं का, आणि तुम्ही हसवत होता. मी हसत हसत 'नाही' लिहीत गेले. तुम्ही मला हसवलंत म्हणून मी तुम्हाला निरोगी लिहिलं, आजी."
मग मी शेवटचं विचारलं. काढून टाकणारच आहेस रक्त, तर त्याआधी माझा एकटीचा आकडा बघून सांग. घरी पैज आहे.
"सांगितला तरी उपयोग नाही. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचे आणि पुष्कळ तरुणांचे आकडे मिळून काहीतरी दिसतं. एकट्या माणसाचा आकडा वर आला म्हणून तो सुखी नाही, खाली आला म्हणून आजारी नाही. तुम्हाला काय होतंय, ते यातून कळणारच नव्हतं."
"कधीच?"
"कधीच. मी तुम्हाला आधीच—"
"वाचून दाखवलं होतंस. दोनदा."
जिना उतरताना दिवस मोजले. सव्वादोन महिने. इतका राग आला, पण कुणावर काढायचा तेच कळंना. आपटे खाली भेटले, "काय बाई, लागला का निकाल?" म्हणलं, "पेपरच रद्द झाला, मास्तर." त्यांनी कोपऱ्यावर चहा पाजला आणि बस येईपर्यंत उभे राहिले.

१६ जानेवारी, शुक्रवार
प्र.ला सांगितलं सगळं. रिपोर्ट येणार नाही. आता नाही, उन्हाळ्यात नाही, कधीच नाही.
मला वाटलं, म्हणेल, मी जिंकलो. तर जेवण तसंच ठेवून बसला.
"मग आई, काय करायचं?"
इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं त्यानं. आतापर्यंत सांगत होता.
म्हणलं, "मला काय विचारतोस?"
"तुलाच विचारतोय."
मनाली पाणी ओतत होती, ती थांबली.  म्हणलं, बघू.
गार्गीचा मेसेज आला संध्याकाळी. एका डॉक्टरीण बाईंचं नाव, सदाशिव पेठेतच. त्या बसवून घेतात म्हणे, ऐकतात, मग ठरवतात गोळी द्यायची का नुसतं बोलायचं का काहीच नाही. खाली लिहिलं होतं, 'त्यांना मला सांगितलंत तसं सांगू नका.'

१९ जानेवारी, सोमवार
उद्या सकाळची वेळ मिळालीये. प्र.नं सुट्टी टाकली. सांगून ठेवलंय, तू बाहेर बसायचं, आत मी एकटी. तुझ्या तोंडून माझं ऐकायला मी पैसे देणार नाही. "पैसे मी देणार आहे," म्हणला. बापावर गेलाय खरंच.
दुपारभर मनात घोळवतेय काय सांगायचं. भाजी चिरताना मोठ्यानं बोलून बघितलं. दर वेळी दुसऱ्याच वाक्याला काहीतरी गमतीचं येतं तोंडात, आपोआप. इतकं चांगलं येतं की वाया घालवायला जीव होत नाही.
सांगायचं आहे ते एवढंच. सकाळी जाग येते तेव्हा पहिल्यांदा काही आठवत नाही, तेवढ्यात मी बरी असते. मग आठवतं. मग दिवसभर मी लोकांना हसवते, आणि ते हसताना मी लांबून बघत असते, जसं बस सुटल्यावर आपण तिच्याकडं बघतो. याला आजार म्हणतात का दुसरं काही, ते मला माहीत नाही. कुठल्याच नळीत सापडलं नाही.
उद्या जाऊन मी पहिली एखादी गंमत करणार, ते मला माहीतच आहे. सवय आहे. त्या बाई हसल्या तर मी उठून येणार. आणि नाही हसल्या, नुसत्या बघत राहिल्या, तर सकाळी जाग येते तिथून सांगीन.